मोजपट्टी कापलेलं चित्र

फ्लॉवर आणला की त्या घरात स्वयंपाक लांबायचा. भाजी चिरायच्या आधी सर तो गड्डा हातात घ्यायचे, त्याचा एक तुरा मोडायचे, मग तुऱ्याचा तुरा, मग त्याचाही तुरा, आणि दर वेळी जगात हे पहिल्यांदाच घडतंय अशा आवाजात म्हणायचे, "बघ, पुन्हा तोच गड्डा!"

बायको बघायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बाईमाणूस गड्डा तरी बघतं, नाहीतर माहेरी तरी जातं.

"सगळ्यात बारका सापडला की हाक मारा," ती म्हणायची. "तोवर उरलेला शिजवते."

सर कॉलेजात भूमिती शिकवून निवृत्त झालेले. वर्तुळ आणि त्रिकोण ही मंडळी त्यांनी पोटापाण्यापुरती सांभाळली. जीव जडला तो फ्रॅक्टलवर, म्हणजे ज्यांचा तुकडा अख्ख्यासारखा दिसतो आणि तुकड्याचा तुकडाही तसाच दिसतो, अशा आकारांवर. झाड, नदी, वीज, नेच्याचं पान, भिंतीला गेलेला तडा. सगळीकडे फांदीला फांदी आणि तिला पुन्हा फांदी. गावात त्यांना 'फांदी सर' म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना ते बिरुद वाटे. एकदा खोकला हटेना म्हणून त्यांच्या छातीचा फोटो काढला, तेव्हा औषध दवाखान्याच्या बाकावर विसरून सर फोटो तेवढा जपून घरी घेऊन आले होते.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं : "आकार महत्त्वाचा. माप दुकानदाराला लागतं."

"आणि शिंप्याला," बायको म्हणायची. सरांच्या सगळ्या विजारी घोट्याच्या वर संपायच्या, त्यामागे हेच तत्त्वज्ञान होतं.

ती छापखान्याची मुद्रितं तपासायची. खिडकीजवळचं टेबल, लाकडी पट्टी, लाल पेन. पट्टी एकेक ओळ खाली सरकायची आणि चुका मुकाट्याने पकडल्या जायच्या. सरांनी लिहिलेलं सगळं या टेबलावरून जायचं आणि बऱ्याचदा अर्धं होऊन परत यायचं.

त्या वर्षी ओळींनाच काहीतरी होऊ लागलं. डाव्या डोळ्यानं वाचताना ओळीचा मधलाच भाग पाणी सांडल्यासारखा वितळायचा. आधी तिनं छपाईला दोष दिला, मग चष्म्याला, मग शाईला. शेवटी बहिणीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी हाताच्या शिरेत रंग सोडला आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. काळ्यावर पांढऱ्या फांद्या.

"इथे बघा," डॉक्टर पेनाच्या टोकानं दाखवत म्हणाल्या. "ही शीर या दुसरीखाली दबलीय आणि तुंबलीय. हा सगळा काळा भाग, इथे रक्त पोचतच नाहीये. मध्यभागी सूज आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. लवकर सुरू केली तर बरंच वाचेल. उशीर केला तर..."

डॉक्टर वाक्य तिथेच सोडतात. पेशंट ते घरी नेऊन पूर्ण करतो.

ती तशी भित्री नव्हती. पण डोळ्यात सुई म्हटल्यावर ती तारीख न घेताच उठली. घरी येऊन ती सरांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"अहो, हा फोटो एकदा बघा. आणि माझ्याबरोबर चला. मला एकटीला नाही जमणार."

सर संगणकात बुडालेले होते. विज्ञान मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. नाव ठरलं होतं 'एकच आकार', आणि हा त्यांच्या आयुष्याचा सोहळा होता. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "'पाहायचे'मध्ये टाक. शांतपणे बघतो."

'पाहायचे' हा त्यांच्या संगणकातला कप्पा. बघायचं राहिलेलं सगळं तिथे जाऊन पडायचं. तिनं पेनड्राइव्ह लावला आणि फोटो टाकला. त्यात डोळा होता, खाली पट्टीत तिचं नाव होतं, वय होतं, 'डावा' असं लिहिलेलं होतं आणि कोपऱ्यात मोजपट्टीची बारीक पांढरी रेघ होती. तिनं आपल्या बाजूनं काही राहू दिलं नव्हतं.

आता गंमत अशी की, प्रदर्शनाची चित्रंही त्याच कप्प्यात येत होती. मंडळाच्या सभासदांना सरांचा हुकूम होता : चित्रं पाठवा, पण नाव नको, माप नको, कशाचं आहे तेही नको. बघणाऱ्यानं ओळखायचं, मुंगीएवढं की आभाळाएवढं. त्यातूनही कुणी खाली काही लिहून पाठवलंच तर उपाय म्हणून सरांनी एक प्रोग्राम लिहिला होता. तो प्रत्येक चित्राच्या कडा आणि खालची पट्टी छाटून टाकायचा, मग चित्राची मिती मोजायचा आणि त्या आकड्याप्रमाणे सगळी रांगेत लावायचा. मिती म्हणजे, सर सांगत, सरळ रेघ ही एक आणि भरलेला कागद हा दोन. फांद्यांची गर्दी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. जितकी दाट तितकी दोनच्या जवळ.

एकही चित्र उघडून बघावं लागत नाही, याचा त्यांना फार अभिमान होता.

रांगेतलं एक चित्र त्यांना भावलं. उजळ गोळ्यातून निघालेले पांढरे धागे, धाग्यांना धागे, आणि एका बाजूला काळीकुट्ट पोकळी. शेजारच्या शहरातल्या एका खगोलवाल्या मित्रानं विश्वाच्या जाळ्याचं चित्र पाठवतो म्हणून कबूल केलं होतं : दीर्घिका एकमेकींना धरून जे धागे विणतात आणि मधल्या जागा ओसाड सोडतात, त्याचं. हेच ते, सरांनी ठरवलं, आणि मित्राला फोन केला तो आभार मानायला नव्हे, भाषणासाठी माहिती काढायला.

"एक मात्र सांग हं लोकांना," मित्र म्हणाला. "विश्व काही वरपर्यंत असंच फांद्याफांद्यांचं नाही. एका अंतराच्या पलीकडून बघितलं तर सगळं धुक्यासारखं एकसारखं होतं. सारखेपणाला हद्द आहे. माप सुटलं की आपण फसतो."

"हे नाही सांगणार. लोकांचा हिरमोड होतो."

"चित्र मिळालं ना पण?"

"मिळालं की! पहिल्या नंबरला लावतोय."

मित्राच्या चित्राची फाईल इतकी जड होती की ती कधी निघालीच नव्हती. पण "मिळालं" म्हटल्यावर तो तरी कशाला चौकशी करतोय.

प्रदर्शनाच्या पाट्यांचा मजकूर सरांनी नेहमीप्रमाणे खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती कागदावर वाकली. हातानं एक डोळा झाकला, मग दुसरा. मग कागद परत केला.

"या वेळी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

सरांना राग आला. आयुष्यभराचं काम भिंतीवर लागतंय आणि घरच्या माणसाला चार पाट्या वाचायला सवड नाही! ते दोन दिवस फुगून बसले. तिनं समजूत काढली नाही. तिलाही थोडं फुगायचं होतं, पण घरात एका वेळी एकानंच फुगावं असा त्यांचा अलिखित करार होता आणि सरांनी नंबर आधी लावला होता.

मेहुणीचा फोन आला.

"भाऊजी, फोटो बघितलात का?"

"कुठला? माझ्याकडे ढिगानं आहेत."

"तुमच्या बायकोचा."

"तिचा मी रोज बघतो. लग्नातला, समोरच लावलाय."

"विनोद बरा आहे, भाऊजी. वेळ वाईट आहे. ती इंजेक्शनाला थांबलीय तुमच्यासाठी, आणि डोळा थांबत नाही."

"प्रदर्शनाचं उद्घाटन होऊ दे, दुसऱ्या दिवशी सकाळी जातो आम्ही."

त्यांनी हे खरोखर मनापासून सांगितलं. सरांची सगळी आश्वासनं मनापासूनच असत. तिथून पुढे ती सरकत नसत इतकंच.

मंडळाचे अध्यक्ष रंगाचं दुकान चालवायचे. सभागृहाची समोरची भिंत त्यांनी स्वतः राखाडी रंगवून घेतली आणि ते भलंमोठं चित्र तिथे चढवलं. "सर, विश्व मावतंय," ते शिडीवरून ओरडले, "फक्त डाव्या बाजूला खिडकीच्या बिजागरीला अडतंय."

"थोडं सरकवा."

"विश्व की बिजागरी?"

उद्घाटनाला गर्दी चांगली जमली. सरांनी घोट्याच्या वर संपणारी नवी विजार घातली होती. दुसऱ्या रांगेत बायको आणि मेहुणी. खेळ सुरू झाला. एक चित्र दाखवून सर विचारत, "केवढं?" लोक म्हणत, "नदी! मैलोन्मैल!" आणि ते निघे खिडकीच्या काचेवरचं हिम. दुसऱ्याला लोक म्हणत, "मुळं!" आणि ती निघे विमानातून टिपलेली दलदल. लोक हसत होते, फसत होते, आणि फसल्याबद्दल टाळ्या वाजवत होते. सर फुलत चालले होते.

मग ते भिंतीकडे वळले.

"आणि हे!" हातातली काठी त्यांनी उजळ गोळ्यावर टेकवली. "इथून हे धागे निघतात. एकेका धाग्यात हजारो दीर्घिका. हा बघा, याला फुटलेला हा, त्याला हा. आपल्या अंगणातल्या झाडाचाच आराखडा. आणि आता इथे बघा." काठी काळ्या भागावर गेली. "इथे फांद्या येता येता थांबल्या. इथे काहीच पोचत नाही. मी याची मिती मोजलीय. एक पूर्णांक सहा दशांश. अशा जाळ्याला मी याहून जास्त धरून चाललो होतो. मग कमी का भरली? या पोकळीमुळे! मला विचाराल तर, अख्ख्या चित्रात सगळ्यात देखणी जागा हीच."

दुसऱ्या रांगेत बायकोनं उजवा डोळा हातानं झाकला. मग हात काढला. मग शेजारी बहिणीकडे पाहिलं, आणि बहीण आधीच तिच्याकडे बघत होती. दवाखान्यात दोघींनी ते पेनाचं टोक किती तरी वेळ त्याच नाक्यावर थांबलेलं पाहिलं होतं. एक शीर दुसरीखाली दबलेली. ती खूण इथे आता हातभर रुंद होऊन भिंतीवर होती.

"तर मंडळी," सर म्हणाले, "कोण सांगेल, हे केवढं?"

"इंचभर," बायको म्हणाली.

सभागृह हसलं. सरही हसले. "ही आमच्या घरची मंडळी. यांना अख्खं विश्व इंचभर वाटतं!"

आणखी हशा.

"इंचभरसुद्धा नाही," ती म्हणाली. आवाज मुद्रितातली चूक दाखवताना असायचा तसाच, सरळ. "डावा."

"काय डावा?"

"डोळा. माझा डावा डोळा आहे तो."

मागच्या कोपऱ्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हेही कार्यक्रमातच आहे. मग त्याच्या टाळ्या एकट्या पडल्या आणि विझल्या.

सरांनी चित्राकडे पाहिलं. खरं सांगायचं तर, त्यांनी ते पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. काठी अजून काळ्या भागावरच होती. ती तिथून उचलायची कशी, हे त्यांना कळेना. उचलली तर लोकांना दिसणार की ती कुठे होती. ठेवली तर ती तिच्या डोळ्यात होती.

मेहुणी उठून उभी राहिली. "बघितलात एकदाचा फोटो, भाऊजी," ती म्हणाली, आणि बहिणीची पिशवी घेऊन दाराकडे निघाली.

अध्यक्ष सरांच्या कानाशी आले. "सर, पाटी बदलून टाकू का? कुणाच्या लक्षात येतंय?"

"सगळ्यांनी ऐकलंय."

"जे आता येतील त्यांच्यासाठी म्हणतो."

सरांना त्या भल्या माणसाकडे बघवेना. दाराशी बायको थांबली होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. तिथे फक्त वाट बघून बघून आलेला कंटाळा होता.

"बघून झालं ना?" ती म्हणाली. "मग उद्या सकाळी चला."

त्या रात्री सरांनी संगणक उघडून 'पाहायचे'मधलं मूळ चित्र काढलं. खालच्या पट्टीत तिचं नाव होतं. त्यांच्याच प्रोग्रामनं ते सुबक छाटलं होतं, एकही अक्षर न सांडता.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी नवा फोटो काढला, जुन्याशेजारी लावला आणि कपाळाला आठी घातली.

"सूज वाढलीय. थोडं आधी यायला हवं होतं."

"प्रदर्शन होतं," सर म्हणाले. हे शब्द त्यांच्याच तोंडून बाहेर पडले आणि खोलीत लोंबकळत राहिले.

"कसलं?"

"चित्रांचं," बायको म्हणाली. "ह्यांनी लावलंय. माझं सगळ्यात मोठं आहे."

डॉक्टरांना काही उलगडा झाला नाही आणि त्यांना तेवढी सवडही नव्हती. त्यांनी उजव्या डोळ्याचा फोटो उघडला. तिथे सगळीकडे फांद्या होत्या, बारीक, दाट, कुठेही न थांबलेल्या. सरांना मोजावं लागलं नाही. आयुष्यभर हेच केलेल्या माणसाला नुसत्या नजरेनं कळतं. एक पूर्णांक सात, किंवा थोडं वर. डाव्यात जे कमी पडलं होतं, ते त्यांच्या यंत्रानं बरोबर पकडलं होतं. आकडा ओरडून सांगत होता की इथे काहीतरी मरतंय, आणि त्यांनी तो आकडा घेऊन व्यासपीठावर चढून टाळ्या मिळवल्या होत्या.

"परत येईल का?" त्यांनी विचारलं.

"थोडं येईल. थोडं नाही येणार."

"आधी आलो असतो तर?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि म्हणाल्या, "आज सुरू करू या." हे उत्तर होतं आणि तिघांनाही ते कळलं.

"कुणाला आत थांबायचंय का? हात धरायला?"

"मी," सर म्हणाले. त्यांना टोपी आणि मास्क दिला. तिच्या चेहऱ्यावर हिरवं कापड आलं, त्याला एकच भोक, भोकात तो डोळा. थेंब टाकले, पापण्या ताणून धरणारी तार बसवली. सरांनी तिचा हात धरला. ज्या माणसानं वीज आणि तडे आणि फुप्फुसं डोळे फाडून बघितली, त्यानं डॉक्टरांनी सुई उचलताच डोळे घट्ट मिटले.

"अहो," कापडाखालून आवाज आला. "डोळे मिटलेत ना?"

"नाही."

"मिटलेत. हात सांगतोय. उघडा. मला दिसत नाहीये, कुणीतरी एकानं बघायला हवं."

त्यांनी उघडले. बघितलं. सुई आत गेली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, आणि तिची बोटं त्यांच्या बोटांवर आवळली. मग सैल झाली. सगळं इतक्या लवकर उरकलं की ज्यासाठी ती थांबली होती, ते एवढंच होतं, हे कळून सरांना जास्तच लाज वाटली.

चित्र उतरवायला त्यांनी अध्यक्षांना सांगितलं होतं, पण तिनंच राहू दिलं. "राहू दे, लोक बघतायत," ती म्हणाली, आणि त्यात टोमणा होता की नव्हता, हे सरांना कधीच ठरवता आलं नाही. प्रदर्शन संपेपर्यंत ते रोज तिथे उभे राहिले. गावात त्यांचं बिरुद बदललं होतं. मुलं दारातूनच विचारायची, "डोळा सर, तो डोळा कुठला?" आणि सर काठी न लावता, हातानं दाखवायचे. खाली त्यांनी छाटलेली पट्टी परत जोडली होती, नावासकट, रेघेसकट.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर, डोळ्यावर पट्टी लावून, तिनं विचारलं, "केवढी होती हो सुई?"

सरांच्या तोंडावर आलं होतं की माप महत्त्वाचं नसतं. ते त्यांनी गिळलं.

"बाहेरून अर्धा इंच असेल," ते म्हणाले. "आत गेली ती त्याहून कमी. जाडीला तुझ्या पापणीच्या चार-पाच केसांएवढी."

"हं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पुढच्या वेळेला यायचंय परत."

"येतो."

"'पाहायचे'मध्ये टाकू?"

सरांनी मान खाली घातली. विजार घोट्याच्या वर संपत होती, हे त्यांना तेव्हा दिसलं.